दोन रस्ते मिळतात तिथला जाम, गाड्या एकमेकींशी बोलू लागल्या तर सुटेल का?

गेल्या गणपतीत तुम्ही मुंबई-गोवा रस्त्यावरच्या माणगावला तीन तास अडकलात आणि त्यावरून हे विचारलंय. एरवीच्या शनिवार-रविवारी बराचसा सुटेल. गणपतीच्या आदल्या दिवशी नाही.

मी मूळचा महाडचा, शिकलो कंट्रोल इंजिनीअरिंग. त्यामुळे तिथे अडकलं की बाकीचे शिव्या घालतात, मी आकडेमोड करतो. ताम्हिणी उतरून निजामपूरमार्गे येणारी पुण्याची गाडी आणि पनवेलकडून येणारी गाडी माणगावात एकाच रांगेत शिरतात. तोंडावर येईपर्यंत एकीला दुसरीचा पत्ता नसतो. मग एस.टी.चा कंडक्टर दारात लटकून पत्र्यावर थापा मारतो, मिनीडोर रिक्षावाला पुढचं चाक फटीत घालतो आणि मागची अख्खी रांग ब्रेकवर.

सगळी मेख त्या ‘तोंडावर येईपर्यंत’मध्ये आहे. समजा तुम्ही ताशी ५४ किमीने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने येताय आणि दुसऱ्या रस्त्यावरची गाडीही नेमकी त्याच क्षणी पोचणार आहे. तिच्या मागे लागायला तुम्हाला फक्त २ सेकंद उशीर करायचाय. हे ३०० मीटर आधी कळलं तर सुरुवातीला वेग दर सेकंदाला ताशी ०.७ किमीने उतरवला की पुरे. मागे झोपलेल्या पोराला कळणारही नाही, आणि शिरताना वेग ४७ असेल. तेच ६० मीटरवर कळलं तर सुरुवातीलाच सेकंदाला ताशी ९ किमी कापावे लागतात आणि शिरताना उरतात २७. उशीर दोन्हीकडे तेवढाच. पण त्वरणाच्या, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो त्याच्या, वर्गाची बेरीज (इंधनाचा अंदाज म्हणून संशोधक हीच धरतात) दुसऱ्या वेळी ४९ पट होते. शिवाय तुमच्या २७ मुळे मागच्याला २० वर यावं लागतं, त्याच्या मागच्याला थांबावंच लागतं.

‘इष्टतम नियंत्रण’ म्हणजे इथे ही बेरीज कमीत कमी ठेवणं. पाँट्रियागिनच्या तत्त्वाने (असं ‘कमीत कमी’ शोधायची ती एक गणिती रीत) सोडवलं तर उत्तर फार देखणं येतं: त्वरणाचा आलेख सरळ रेषा. त्यामुळे गाडीतला संगणक ते चालता चालता काढू शकतो. समोरच्या गाडीशी अंतर कमी पडू लागलं की मात्र गणित किचकट होतं. प्रश्न तसा जुना आहे, मायकेल अथान्स यांनी तो १९६९ मध्येच मांडला होता. रिओस-टोरेस आणि मालिकोपुलोस या संशोधकांच्या २०१७ च्या कामात रेडिओने एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्यांसाठी वरचं सुटसुटीत उत्तर मिळतं. आधी कोण, हे ठरवायला एक समन्वयक असतो. एकेरी लाइनवर क्रॉसिंग ठरवणारा स्टेशनमास्तर समजा, फक्त हा कुणाला लूपवर उभं करत नाही, लांबूनच हळू यायला सांगतो.

आता गणपती. दोन गाड्यांत २ सेकंद ठेवले तर एका लेनमधून तासाला १८०० गाड्या जातात. दोन्ही रस्त्यांवरून मिळून २५०० आल्या तर तासाला ७०० साचणारच. गणिताने रांग शांतपणे वाढेल, एवढंच. तिथे बायपासच हवा. आणि बाइकला, मिनीडोरला रेडिओ कोण बसवणार?

तरी अगदीच निराश होऊ नका. अमेरिकेत ॲरिझोनात गोल ट्रॅकवर वीसेक गाड्या फिरवून पाहिल्या, तेव्हा त्यातल्या एकाच स्वयंचलित गाडीने थांबा-चला लाटा (एकाच्या ब्रेकमुळे मागे पसरत जाणारं थांबणं-चालणं) विरवल्या होत्या. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ते वाचून मी निजामपूरकडून येताना पुढे ऐसपैस फट ठेवून एकसारख्या वेगाने चालवून पाहिलं. फटीत दोन बाइक आणि एक मिनीडोर शिरला. मागून बाबा म्हणाले, “तुझं गणित घाल खड्ड्यात, गाडी पुढे घे.”