गेट, गॉट, गॉटन आणि आपलं लागणं

प्रश्न असा आहे की गेट या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ डिक्शनरीत 'मिळणे, मिळवणे' दिलाय, मग गेट वेल सून किंवा आय डोन्ट गेट इट मध्ये नक्की काय मिळतंय? आणि आय हॅव गॉट हा भूतकाळ की वर्तमान?

गेटला एकच मराठी अर्थ चिकटवला की घोळ होतो, कारण त्याच्या पुढे काय येतंय यावर अर्थ ठरतो. पुढे वस्तू आली तर मिळणं, आणणं, विकत घेणं. पुढे विशेषण आलं तर सरळ 'होणं', म्हणजे आधी तसं नव्हतं आता झालं, गेट वेल म्हणजे बरा हो, इट्स गेटिंग लेट म्हणजे उशीर होतोय. आपल्याकडे तर कितीदा तेही लागत नाही, गेट वेट भिजणं, गेट टायर्ड दमणं, गेट अँग्री चिडणं, एका शब्दात काम झालं. पुढे जागा आली तर पोचणं, जसं गेट होम. आणि मुद्दा किंवा जोक असेल तर कळणं, तेच ते आय डोन्ट गेट इट.

पण मला विचाराल तर गेटचा खरा मराठी भाऊ मिळणं नसून लागणं आहे. बघा ना, नोकरी लागली म्हणजे गॉट अ जॉब, भूक लागली म्हणजे गॉट हंग्री, पायाला लागलं म्हणजे गॉट हर्ट, सवय लागली म्हणजे गॉट यूज्ड टू इट, आणि जावं लागणार म्हणजे हॅव गॉट टू गो! मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे एवढे सगळे 'लागणं' समजावून सांगायला बसलात की गेट शिकताना आपलं काय होतं ते लगेच कळेल. मिळणं एका ठिकाणी मात्र अगदी चपखल बसतं. आय गॉट टू मीट हर म्हणजे तिला भेटायला मिळालं, संधी मिळाली. त्यातच हॅव घातला, आय हॅव गॉट टू मीट हर, की झालं तिला भेटावंच लागणार. एका हॅवने मिळणंचं लागणं होतं, मला हे फार आवडतं.

आता हॅव गॉट. दिसायला परफेक्ट टेन्स पण अर्थ वर्तमानाचा, आय हॅव गॉट अ पेन म्हणजे माझ्याकडे पेन आहे, बास. अमेरिकेत याच्या जोडीला गॉटन पण आहे आणि तिथे फरक स्पष्ट होतो, हॅव गॉट म्हणजे आहे, हॅव गॉटन म्हणजे मिळालंय किंवा झालंय. गॉटनला कोणी चुकीचं इंग्रजी म्हणत असेल तर ऐकू नका, ते जुनं रूप आहे, ब्रिटनमध्ये मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. ब्रिटिश लोक अजूनही फरगॉटनच म्हणतात, त्यातला गॉटन तोच. मुळात गेट हा शब्द इंग्लंडमध्ये येऊन राहिलेल्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून आलाय, एग, स्काय, विंडो हे पण तिथूनच आलेले.

आपले लोक सगळ्यात जास्त अडकतात ते दुसऱ्याकडून काम करून घेण्यात. सलूनमधून येऊन आय कट माय हेअर म्हटलं तर इंग्रजाला वाटेल स्वतःच कात्री चालवली, तिथे आय गॉट माय हेअर कट पाहिजे. मराठीत आपण बिनधास्त 'केस कापले' म्हणतो आणि कोणाचा गैरसमज होत नाही, म्हणून ही चूक होते. तसंच आय गॉट हिम टू डू इट म्हणजे त्याच्याकडून करून घेतलं, गोड बोलून, मागे लागून, कसंही, आणि आय मेड हिम डू इट म्हणजे त्याला करायला लावलं. करून घेणं आणि करायला लावणं, मराठीत हा फरक आयता आहे तो वापरा, फक्त गेटसोबत टू येतो आणि मेकसोबत येत नाही एवढं लक्षात ठेवा.

लग्नाचं पण तसंच. दे गॉट मॅरीड म्हणजे लग्न झालं, ती घटना. दे आर मॅरीड म्हणजे लग्न झालेलं आहे, ती अवस्था. म्हणून 'कधी झालं लग्न' विचारायचं तर व्हेन डिड यू गेट मॅरीड.

शाळेत निबंधात गेट नको, रिसीव्ह नाहीतर ऑब्टेन लिहा असं सांगतात, ते सरकारी पत्रापुरतं ठीक आहे, बोलताना मात्र गेट टाळलं तर बोलणं ताठर वाटतं, तेव्हा बोलताना भरपूर वापरा.

आणि बसमधून उतरायला आपण भारतात गेट डाऊन म्हणतो, इथे सगळ्यांना कळतं, पण बाहेर गेट ऑफ म्हणतात. बस, ट्रेन, विमान, जिथे आत उभं राहून चालता येतं, तिथे गेट ऑन आणि गेट ऑफ. कार, टॅक्सी, जिथे वाकून शिरायचं, तिथे गेट इन आणि गेट आऊट. सायकल आणि घोड्याला पण ऑन-ऑफच, कारण त्यांच्यावर बसतो, आत नाही.