आधी इसार परत करा

प्रश्न (थोडक्यात): मुलगा २९ वर्षांचा, बी.एस्सी. गणित, ५६ टक्के. पाच वर्षं पुण्यात एमपीएससी केली. पूर्व दोनदा निघाली, मुख्य नाही. मग वर्षभर चाकणला गोदामात होता. आता घरी आलाय. गल्लीतली तिसरी-चौथीची पोरं अंगणात जमवून चिंचोके मांडत बसतो. पुतणीला बाकी कळत नव्हती, तर तेरा चिंचोके चौघांत वाटायला लावले. म्हणतो, शिक्षकच होणार. एक संस्था बी.एड. झाल्यावर जागा देते म्हणते, पंधरा लाखांत. दीड एकर विकायला काढलंय. पोरगं वाया जाऊ नये.
– एक वडील, लातूर जिल्हा

नमस्कार.

जमिनीचा इसार घेतला असेल तर आधी तो परत करा. पैसे देऊन मिळवलेली जागा टिकेल याची हमी तो संस्थाचालक देऊच शकत नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण बाहेर आलं, ते तुम्ही वाचलं असेल. शिक्षकांचा पगार निघतो ती ही शालार्थ प्रणाली. चौकशी लागली की पगार अडकतो तो शिक्षकाचा. आणि समजा सगळं सुरळीत झालं, तरी बापाचं रान आपल्यापायी गेलं हे मनात घेऊन तो रोज वर्गात उभा राहील. हे ओझं त्याच्यावर घालू नका, कळकळीने सांगते.

तुमच्या मूळ पत्रात ‘वाया’ हा शब्द चार वेळा आलाय. चिंचोक्यांना एकच ओळ, तीही तक्रारीच्या सुरात. मी मात्र त्याच ओळीपाशी अडले. प्रत्येकाला तीन-तीन मिळाले आणि हातात एक राहिला, त्याला बाकी म्हणतात, हे पोरीला स्वतःच्या हाताने कळलं. बी.एड. झालेल्या कितीतरी जणांना हे सुचत नाही. तुमचा मुलगा भरकटलेला नाही. त्याला त्याचं काम सापडलंय.

पाच वर्षं पाण्यात गेली, हेही मला पटत नाही. शिक्षक भरतीच्या टीएआयटी या परीक्षेत दोन तासांत २०० प्रश्न असतात, त्यातले ८० बुद्धिमत्तेचे. एमपीएससी पूर्वच्या सीसॅटवर, म्हणजे बुद्धिमापनाच्या पेपरवर, घासलेला हात तिथे कामी येतो.

आता एक मोठा गैरसमज. बी.एड. केलं की पहिलीपासून दहावीपर्यंत कुठेही शिकवता येतं, असं घरोघरी समजतात. तसं नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही. तिथे बारावीनंतरचं डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड., लागतं. त्याचा जीव जर या चिमुरड्यांत असेल, तर बी.एड.वर घालवलेली दोन वर्षं त्याला त्यांच्या वर्गापर्यंत नेणारच नाहीत. ‘पदवीधर असून बारावीच्या पोरांत बसणार?’ असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. सहावीपासून पुढची मुलं हवी असतील तर मात्र बी.एड. बरोबर, त्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी.

पुढची वाट सगळ्यांना माहीत आहे: आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टीएआयटी, मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. ती लवकर संपेल असं मी सांगणार नाही. टीएआयटी २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली, मग २०२५ ला. निवड झाली तरी आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६,००० मानधन. हे आकडे त्याच्यासमोर ठेवा आणि मधल्या काळात शिकवण्या घेऊन घरात काय देशील, तेही मोकळेपणाने विचारा. २९ वर्षांच्या माणसाशी असं बोलता येतं.

त्याआधी एका संध्याकाळी त्या अंगणात गुपचूप जाऊन बसा. पोरं उठून गेली की त्याला विचारा, तुला कोणत्या वयाची मुलं शिकवायचीत. तो जे सांगेल ते मला कळवा, आणि त्याची बारावीची गुणपत्रिका सोबत जोडा. डी.एल.एड.चा प्रवेश तिच्यावरच ठरतो.