दुर्लक्ष केलं, तरी ओरडणं वाढलं

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. अभ्यासाची वही उघडली की किंचाळतो, पेन्सिल फेकतो. ‘लक्ष देऊ नका’ असं सांगितलं गेलं, म्हणून मी वही मिटते आणि स्वयंपाकघरात जाते. दोन आठवड्यांत प्रकार वाढलाच. — एक आई, सांगली

उत्तर : तुम्ही पाठ फिरवलीत, पण वहीही मिटलीत. त्याला तुमचं लक्ष नको, वही टळायला हवी असेल, तर हे दुर्लक्ष म्हणजे रोजचं बक्षीसच झालं.

उपयोजित वर्तन विश्लेषणात, म्हणजे वर्तन का घडतं हे तपासून ते बदलण्याच्या शास्त्रात, वर्तन दिसतं कसं यापेक्षा त्यातून मिळतं काय, हे आधी पाहतात. किंचाळण्यातून लक्ष मिळतं, वस्तू मिळते, नकोसं काम टळतं, नाहीतर त्या क्रियेचीच संवेदना हवीशी असते. कारण बदललं की उपाय बदलतो.

म्हणून आधी पाच-सात दिवस नोंद ठेवा. रकाने तीन : लगेच आधी काय झालं, त्यानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. ‘चिडला’ असं लिहू नका. ‘पेन्सिल फेकली, 4 मिनिटं ओरडला’ असं लिहा. चिडणं मोजता येत नाही. डोळे आणि कान याच आठवड्यात तपासून घ्या. फळ्यावरचं दिसतच नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

टाळाटाळच निघाली, तर दहा ओळींऐवजी दोनच द्या. ‘थोडं थांबू?’ हे विचारायला शिकवा, तेही तो शांत असताना. विचारलं की लगेच 2 मिनिटं सुट्टी, पहिले काही दिवस प्रत्येक वेळी. मग ‘आधी एक शब्द, मग सुट्टी’. ओरडला तर मात्र वही समोरच राहू द्या आणि त्याचा हात धरून नव्हे, शेजारी स्वतः लिहून दाखवून एक सोपा शब्द पुरा करून घ्या.

सुरुवातीला ओरडणं वाढू शकतं. त्या वाढलेल्या ओरडण्याला तिसऱ्या दिवशी वही मिटलीत, तर जास्त जोर लावला की काम होतं, हे तो शिकेल. घरात पाहुणे असतील त्या आठवड्यात सुरूच करू नका. डोकं आपटणं, स्वतःला चावणं असेल तर घरचे प्रयोग नकोत, प्रशिक्षित तज्ज्ञ गाठा.

प्रश्न : ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना? — बी.एड.चा विद्यार्थी

उत्तर : नाही, उलट. शिक्षेनं वर्तन घटतं, प्रबलनानं वाढतं. ‘ऋण’ म्हणजे काहीतरी काढून घेतलं, इतकंच. वरच्याच घरात पाहा : मुलाची वही गेली, त्याचं ओरडणं बळावलं. आणि आईनं वही मिटताच ओरडणं थांबलं, त्यामुळे आईचं वही मिटणंही बळावलं! दोघंही एकमेकांना शिकवतायत.

प्रश्न : या वर्तनशास्त्रात मुलाच्या मनाला जागाच नाही का?

उत्तर : या विचाराचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी विचार-भावना नाकारल्या नाहीत, त्यांनाही वर्तनच मानलं, फक्त कारण म्हणून खपवून घेतलं नाही. ‘आळशी म्हणून लिहीत नाही’, आणि आळशी कशावरून, तर लिहीत नाही! अशानं कारण कळत नाही, आपण गोल फिरतो. 1968 साली बेअर, वुल्फ आणि रिस्ली या संशोधकांनी या शास्त्राच्या सात कसोट्या मांडल्या. पहिलीच अशी की बदल समाजाच्या आणि त्या माणसाच्या दृष्टीनं महत्त्वाचा हवा. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल हात फडफडवतं म्हणून पाहुण्यांसमोर अवघडल्यासारखं होतं, हे कारण या कसोटीवर टिकत नाही. एकेकाळी या पद्धतीत चापटही वापरली गेली. स्वमग्न प्रौढ आज त्यावर बोट ठेवतात ते रास्तच आहे.