नजरेची आखणी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातल्या एका वाक्यावर घाईने काही लिहावे असे मला वाटेना. तू लिहिले आहेस की आजी गेल्यापासून देवापुढे हात जोडले जात नाहीत, आणि हात जोडणे सुटल्यापासून शिल्पाच्या मातीलाही हात लावावासा वाटत नाही. वरून पाहणारा कोणी नसेल तर एवढे घडवायचे कोणासाठी? देव नाही या निष्कर्षाला तू कशी आलीस याची चर्चा मी करणार नाही. तिथपर्यंत तू विचार करून आणि सोसून पोहोचली आहेस, हे पत्रातून कळते. मला लिहायचे आहे ते मातीविषयी.

तू अस्तित्ववादावरची पुस्तके वाचायला घेतलीस हे चांगले केलेस. त्यांतला एक मुद्दा आपल्या धंद्याला फार जवळचा आहे. सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात कागद कापण्याच्या सुरीचे उदाहरण घेतले होते. ती कशासाठी हवी आणि कशी हवी हे कारागिराच्या मनात आधी ठरलेले असते आणि मगच सुरी तयार होते. परंतु माणसाला घडवणारा कोणी नसेल, तर माणसाबाबत असे आधी ठरलेले काहीच उरत नाही. तो आधी असतो, आणि काय व्हायचे ते जगता जगता स्वतःच ठरवत जातो. मी पेणचा असल्यामुळे हे मला चटकन उमगले. आमच्याकडे साचा आधी आणि गणपती नंतर. साच्याशिवाय जन्माला आलेली मूर्ती म्हणजे माणूस, असे मी तेव्हा वहीच्या कडेला लिहून ठेवले होते. त्याच व्याख्यानात पुढे सार्त्र म्हणतो की चित्रकाराने कोणते चित्र काढायला हवे होते हे त्याला आधी कोणी सांगू शकत नाही, तरीही चित्र पुरे झाल्यावर त्याच्या बऱ्यावाईटाविषयी बोलता येते; नैतिक निवडीचेही तसेच आहे. व्याख्यानातला हा भाग लोक भरभर वाचून पुढे जातात. तू तिथे थांबावेस.

आता ज्याच्याविषयी मुख्यतः लिहायचे आहे तो शिल्पकार, अल्बेर्तो जाकोमेत्ती. १९०१ साली स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात जन्मलेला, चित्रकाराचा मुलगा. १९२१ च्या सप्टेंबरात, वयाची वीस वर्षेही पुरी झालेली नसताना, तो एका वृद्ध डच गृहस्थांबरोबर आल्प्समध्ये प्रवासाला निघाला होता. ओळख जुजबीच होती. वाटेतल्या हॉटेलात ते गृहस्थ आजारी पडले, बाहेर पाऊस लागलेला, आणि हा मुलगा त्यांच्या उशाशी बसून राहिला. गाल आत ओढले जात होते, नाक अधिकाधिक वर येत होते, आणि रात्र पडता पडता तो माणूस संपला. मघापर्यंत जो कोणीतरी होता तो आता एक वस्तू झाला होता. पंचवीस वर्षांनी जाकोमेत्तीने हे लिहून काढले. त्या रात्रीनंतर तो आयुष्यभर दिवा चालू ठेवून झोपत असे. तुझ्या आजीजवळ त्या पहाटे तू एकटीच होतीस, हे तू लिहिलेस तेव्हा मला पहिल्यांदा हीच खोली आठवली.

पॅरिसमध्ये अतिवास्तववाद्यांच्या, म्हणजे स्वप्ने आणि अबोध मन यांतून कला घडवू पाहणाऱ्यांच्या, गटात त्याचे नाव झाले होते. १९३५ मध्ये त्याने स्वप्नातल्या आकृत्या बाजूला ठेवून समोर मॉडेल बसवायला सुरुवात केली आणि गटाशी त्याचे फाटले. डोक्याची रचना समजून घेण्यापुरता पंधरा दिवसांचा अभ्यास करावा, असा त्याचा हिशेब होता. १९४० पर्यंत तो रोज तेच करत होता. जितके अधिक पाहावे तितके समोरचे डोके अनोळखी होत जाई, त्याला निश्चित मापच सापडेना. पुढे स्मरणातून काम करू लागल्यावर आकृत्या लहान लहान होत गेल्या, इतक्या की सुरीचा शेवटचा हात फिरताच त्यांची भुकटी होई. युद्धाची नंतरची वर्षे त्याने जिनेव्हातल्या एका हॉटेलच्या खोलीत काढली, आणि १९४५ मध्ये तो पॅरिसला परतला तेव्हा कित्येक वर्षांचे काम काड्यापेट्यांत मावत होते, असे सांगतात. त्यानंतर आकृत्या उंच झाल्या, आणि उंच होताना बारीक झाल्या. बारीक झाल्याशिवाय त्या त्याला खऱ्या वाटत नसत. तुला छायाचित्रांतून माहीत असलेला तो चालणारा माणूस १९६० चा आहे.

१९४८ मध्ये न्यूयॉर्कला त्याचे प्रदर्शन भरले तेव्हा त्याच्या पुस्तिकेसाठी सार्त्रने लेख लिहिला. दगडाच्या पुतळ्याजवळ जावे तसतसे अधिक तपशील दिसतात, पण जाकोमेत्तीची आकृती आपण कितीही जवळ गेलो तरी लांबच उभी राहते, हे सार्त्रचे निरीक्षण अचूक आहे. मात्र त्याच्या अनेक वाचकांनी त्यावरून या आकृत्यांना आधुनिक माणसाच्या एकटेपणाचे प्रतीक करून टाकले, ते मला पटत नाही. काम करताना एकाकीपणाचा विचार आपल्या मनात कधी आला नाही, असे स्वतः जाकोमेत्तीने सांगितले होते. त्याचा ध्यास एकच होता, आणि तो म्हणजे नजर. जिवंत डोके आणि कवटी यांत फरक कशाने पडतो, तर पाहण्याने. ते पाहणे मातीत आणता आले तर बाकीचे डोके आपोआप येईल, अशी त्याची धारणा होती.

इथे मला माझे सांगावे लागेल, कारण हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या कारखान्यात शाडूची मूर्ती साच्यातून निघाली की हात, सोंड, कान जोडून, ओल्या कुंचल्याने सांधे पुसून, वाळवून, रंगवून ती शेवटी आखणीला येई. आखणी म्हणजे डोळे. ते काम वडिलांचे असे. वरच्या पापणीची रेघ एका दमात, मग खालची, मग बुबुळ, आणि सर्वांत शेवटी बुबुळावर मोहरीहून लहान असा पांढरा ठिपका. तो पडला की मूर्ती पाहू लागे. वडील मग पाट सरकवून समोर, डावीकडे आणि उजवीकडे उभे राहत आणि ती तिन्हीकडून पाहते आहे याची खात्री करून घेत. मी बावीस वर्षांचा असताना ते आषाढात गेले. फळ्यांवर शे-सव्वाशे मूर्ती रंगून तयार होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही डोळे नव्हते. माझ्या मनातला देव दवाखान्याच्या त्या जिन्यातच संपला होता. तरीही तेराव्यानंतर मी कुंचला घेऊन बसलो, कारण लोकांनी मूर्ती सांगून ठेवल्या होत्या आणि दुसरे कोणी नव्हते.

पहिल्या दहा-बारा मूर्तींचे डोळे मेलेले निघाले. रेघा बरोबर होत्या, पण ती नजर कोणाकडेही जात नव्हती. चौदावी की पंधरावी मूर्ती हातात असताना मला ती ज्या घरी जायची होती ते घर आठवले. त्या घरातली म्हातारी दर वर्षी मूर्ती न्यायला स्वतः येई आणि पदराने मूर्तीच्या पायावरची धूळ पुसे. यंदा तिच्याकडे कोण पाहणार, असा विचार मनात आला आणि मी तिच्यासाठी पापणी ओढली. ते डोळे पाहत होते. मी परत श्रद्धाळू झालो नाही, आजही नाही. परंतु देवाबरोबर माझे नेमके काय गेले हे मला त्या दिवशी कळले. कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे, हा विसावा गेला होता. पाहण्याचे काम मात्र शिल्लक होते, आणि ते आता कोणावर सोपवता येत नव्हते.

जाकोमेत्तीने चाळीस वर्षे हेच केले, असे मी मानतो. १९२६ पासून अखेरपर्यंत त्याची कामाची जागा एकच होती, सुमारे २३ चौरस मीटरची, प्लास्टरच्या भुकटीने भरलेली एक खोली. समोर बसणारी माणसेही बहुधा तीच, म्हणजे धाकटा भाऊ दिएगो आणि पत्नी आनेत. १९५६ मध्ये इसाकू यानाइहारा हे तत्त्वज्ञानाचे जपानी प्राध्यापक त्याच्यासमोर बसू लागले आणि चेहरा पकडता येईना. दिवसभर रंगवलेले संध्याकाळी पुसले जाई. यानाइहारांनी मायदेशी परतण्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, आणि गेल्यावरही पुढच्या वर्षांत ते उन्हाळ्यात येऊन बसत राहिले. अस्तित्ववाद समजून घ्यायला पॅरिसला आलेला एक अभ्यासक शेवटी महिनोन्महिने एका खुर्चीत स्तब्ध बसतो आणि दुसरा एक माणूस त्याच्या नाकाच्या मुळाशी अडून राहतो, यापेक्षा त्या तत्त्वज्ञानाचा चांगला पाठ त्याला कोणत्या वर्गात मिळाला असता, मला सांगता येणार नाही. त्यांना कोणी आज्ञा केली नव्हती, आणि चित्र जमेल अशी हमीही नव्हती. दोघेही दुसऱ्या दिवशी परत येत होते.

नाटककार सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या ज्या नाटकात दोन माणसे न येणाऱ्याची वाट पाहत बसतात, त्याच्या १९६१ च्या पॅरिसमधील प्रयोगासाठी रंगमंचावरचे एकुलते एक झाड जाकोमेत्तीने केले होते. तो आणि बेकेट रात्रभर त्या प्लास्टरच्या झाडाशी झटत राहिले, कधी लहान, कधी मोठे, कधी फांद्या अजून बारीक. समाधान दोघांचेही झाले नाही, आणि दोघेही एकमेकांना ‘कदाचित’ एवढेच म्हणत राहिले.

तुला दोन गोष्टींबाबत सावध करतो. देवाच्या रिकाम्या झालेल्या जागी कलेला नेऊन बसवू नकोस. आमच्या पिढीतल्या काही जणांनी ते केले. त्यांनी कलेच्या नावाने घरच्या माणसांना तहानलेले ठेवले, आणि शेवटी कलाही त्यांना प्रसन्न झाली नाही. घराला आग लागली तर रेम्ब्रांटचे चित्र न वाचवता मांजर वाचवीन, हे वाक्य जाकोमेत्तीच्या नावावर सांगितले जाते, आणि ते त्याच्या कामाशी जुळणारे आहे. ज्याने जन्मभर जिवंत नजर शोधली तो दुसरे काय वाचवणार? आणि भीती जाईल, अशी अपेक्षाही ठेवू नकोस. त्याची गेली नव्हती, खोलीतला दिवा शेवटपर्यंत जळत होता. मीही अजून काही रात्री उठून बसतो. आई संध्याकाळी देवापुढे निरांजन लावते ते तुला खटकते असे तू लिहिलेस. ते खटकू देऊ नकोस. आजीसाठी रोज काहीतरी करायचे, हे तिचेही तुझ्यासारखेच चालले आहे.

आता कामाचे. आजीचे डोके तू गळ्यापर्यंत करून सोडले आहेस आणि ते कोपऱ्यात तसेच आहे. माती तडकली असेल तर सगळे मोडू नकोस. रात्री ओले फडके गुंडाळून वर प्लॅस्टिक बांध, सकाळी पुन्हा पाणी शिंपड, दोन-तीन दिवसांत वरचा थर हाताला येईल. आतली सळई हलत असेल तर मात्र नव्याने बांधावे लागेल. छायाचित्रावरून करू नकोस. छायाचित्रात आजी कॅमेऱ्याकडे पाहते आहे, तुझ्याकडे नाही. आठवेल तेवढेच कर, आणि आठवत नाही तिथे माती कोरी ठेव. डोळ्यांना शेवटी हात लाव.

हे करताना मध्ये मध्ये जिवंत माणूस समोर बसवून डोके केल्याखेरीज हाताला वळण राहणार नाही. मॉडेल मिळणे कठीण आहे हे मला माहीत आहे. रविवारी सकाळी नऊनंतर मी मोकळा असतो. स्टँड आणि दहा-बारा किलो माती माझ्याकडे आहे, तू फक्त तुझी हत्यारे घेऊन ये. दोन तास मान न हलवता मी बसू शकतो, आणि तू जितके रविवार म्हणशील तितके बसेन.

तुझा,
सर