ऑनलाइन मास्टर्सला किंमत असते का? सायबर सिक्युरिटीची एक केस

"मॅडम, ऑनलाइन डिग्री कोणी विचारतं का हो?" हा प्रश्न मला सारखा येतो आणि हल्ली त्यातले बरेचसे सायबर सिक्युरिटीवाले असतात, कारण रील उघडलं की कोणीतरी काळी हुडी घालून पॅकेजचे आकडे सांगत बसलेलं असतं. यावर नुसतं हो किंवा नाही सांगून भागत नाही, म्हणून एक केस लिहिते, नाव आणि तपशील बदलून. वैशाली म्हणू तिला.

वय ३३, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, तालुक्याच्या गावी एका नागरी सहकारी बँकेत आयटी बघते. आयटी बघते म्हणजे काय, तर प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी वैशाली आणि सर्व्हर बसला तरी वैशालीच. मुलगा पहिलीत. सासऱ्यांचं म्हणणं घरबसल्या मिळते ती कसली डिग्री, नवऱ्याचं म्हणणं कर पण नोकरी सोडू नको. त्यात एका कोर्सवाल्या कंपनीच्या माणसाने तिला फोन करकरून भंडावलेलं, परदेशी युनिव्हर्सिटीची मास्टर्स, दोन वर्षं, साडेतीन लाख, ईएमआय आम्हीच करून देतो. व्हॉट्सॅप दाखवला तिने मला. "आज रात्री १२ पर्यंत स्कॉलरशिप, फक्त २ सीट शिल्लक." वर सरकवलं तर आदल्या आठवड्यात पण हाच मेसेज, तेव्हा पण २ सीटच शिल्लक!

आता आधी किंमतीचंच बोलू. आपल्याकडे ऑनलाइन डिग्रीसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२० चे नियम आहेत, आणि मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची धरायची हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये परत स्पष्ट केलंय. पण यातली मेख अशी की नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त असून चालत नाही, तो ठराविक कोर्स ऑनलाइन चालवायची परवानगी लागते, आणि ती यादी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या म्हणजे डीईबीच्या साइटवर कोणालाही बघता येते. मान्यता नसलेल्या परदेशी विद्यापीठांशी टायअप करून डिग्र्या देणाऱ्या एडटेक म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या कंपन्यांबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने इशारा पण दिला होता. आयआयटीचं वेगळं, त्या स्वतःच्या कायद्याखाली चालतात, आयआयटी कानपूरचं सायबर सिक्युरिटीचं ई-मास्टर्स आहे त्याला गेट ही प्रवेश परीक्षा लागत नाही पण फी लाखांत जाते.

तिथेच बसून यादी काढली, तिचा कोर्स त्यात नव्हता. तिने स्पीकरवर फोन लावला तर समोरचा म्हणतो, मॅडम इंडस्ट्रीला यूजीसी लागत नाही. अर्धं खरं आहे ते, प्रायव्हेटमध्ये खूप ठिकाणी काम येतं का तेवढंच बघतात, पण उद्या सरकारी जागा निघाली, पीएचडी करावीशी वाटली, बँकेतच प्रमोशनला कागद लागला की मग? आणि इंडस्ट्रीला डिग्रीच नको असेल तर साडेतीन लाख कशाचे घेतोयस बाबा.

पण खरं सांगू का, तिची अडचण मान्यतेची नव्हतीच. शिकून नक्की कोणतं काम करायचंय हेच तिला माहीत नव्हतं. मी तिला नोकरीच्या जाहिराती घेऊन यायला सांगितलं, आणि मग लक्षात आलं की सायबर सिक्युरिटी म्हणजे हॅकिंग असं धरून चाललेली ही, त्यात एसओसी म्हणजे सुरक्षा नियंत्रण कक्षातला ॲनालिस्ट आहे जो पाळ्यांमध्ये, बऱ्याचदा रात्रपाळीत, अलर्ट बघत बसतो, परवानगी घेऊन सिस्टिम फोडून बघणारा पेनटेस्टर आहे, आणि नियम पाळले जातायत का ते तपासणारे ऑडिट-कंप्लायन्सवालेही आहेत. रात्रपाळी तिला जमणार नव्हती. ऑडिटचं मात्र थेट तिच्या दाराशी होतं, ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले ते आठवत असेल, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली, मग सर्ट-इनचा, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, २०२२ चा आदेश, घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, लॉग म्हणजे सिस्टिममध्ये काय काय झालं त्याच्या नोंदी १८० दिवस ठेवा. हे सगळं बँकेत कोणीतरी बघायला लागतंच ना.

म्हटलं फी भरू नकोस अजून, एक महिना पहाटे उठून एनपीटीईएलवरचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीवरचा, फुकटचा कोर्स कर, जमतंय का बघ, आणि साहेबांची परवानगी घेऊन आपल्याच सर्व्हरचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून वाच. महिन्याने आली ती कागदाचा गठ्ठा घेऊनच. पिवळ्या हायलायटरने खुणा केलेल्या, ४६२५, ४६२५, ४६२५, हा कोड म्हणजे फसलेलं लॉगिन. वेळ रात्री पावणेतीन. युजरनेम administrator, मग admin, मग backup, मग test अशी एकामागोमाग, आयपी म्हणजे कॉम्प्युटरचे इंटरनेटवरचे पत्ते सगळे बाहेरचे. "मॅडम, रोज रात्री कोणीतरी येऊन कडी हलवून बघतंय." मी विचारलं आत शिरलं का कोणी, तर ती म्हणाली ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन, ते पण सगळे तपासले, आपलेच आहेत. सॉफ्टवेअर व्हेंडरने सपोर्टसाठी रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून सर्व्हर चालवायचा, ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवलेला, तो तिने भांडून बंद करायला लावला आणि त्याऐवजी व्हीपीएन म्हणजे सुरक्षित खाजगी जोडणी बसवून घेतली.

त्यानंतर तिला शिकावं की नाही हे मला सांगायलाच लागलं नाही. यादीतल्या एका विद्यापीठाचं ऑनलाइन एमसीए घेतलं, सायबर सिक्युरिटीचं स्पेशलायझेशन असलेलं, फी त्या परदेशी कोर्सच्या निम्म्याहून कमी. आता तिसरी सेमिस्टर चालू आहे. पगार एक रुपयाने वाढलेला नाही हेही सांगते, पण ऑडिटर आले की त्यांच्यासमोर आता तिला बसवतात. पुढे सीआयएसएसपी या सायबर सिक्युरिटीच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटचा विचार आहे, त्याला आठपैकी निदान दोन विषयांत मिळून ५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, डिग्री कितीही मोठी असली तरी त्यातलं फार तर एक वर्ष कमी होतं. सासरे अजून "तो तुझा मोबाईलवरचा कोर्स" म्हणतात, पण परीक्षेच्या दिवशी कॅमेरा चालू असतो म्हणून नातवाला घेऊन देवळात जाऊन बसतात.

बीसीए संपवून लगेच हाच कोर्स करू का विचारणाऱ्या मुलांना मात्र मी थांबवते. नेटवर्किंग आणि लिनक्स हाताखालून गेलेलं नसेल तर मास्टर्सचे निम्मे विषय नुसते पाठ होतात, आधी एखादी सपोर्टची का होईना नोकरी धरा. आणि ज्यांचं ठरलंय त्यांनी एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी काढून त्यावरून डीईबी आयडी आधी तयार करा, ऑनलाइन कोर्सच्या प्रवेशाला तो लागतोच, आणि जो कोर्सवाला म्हणेल की आमच्याकडे त्याची गरज नाही, त्याला पैसे देऊ नका.