एका परदेशी कंपनीनं २०१९ साली जाहीर केलेला १/७२ मापाच्या, घरी रंगवायच्या प्लॅस्टिक सैनिकांचा संच अजून आलेला नाही. इतका उशीर का लागतो? वाट बघू की नाद सोडू?

नाद सोडू नका. पण कंपनीनं आजवर नेमकं काय दाखवलंय ते आधी सांगा. खोक्यावरचं चित्र, मूळ शिल्पाचा फोटो, की साच्यातून निघालेलं खरं प्लॅस्टिक? उत्तर त्यावर अवलंबून आहे.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका टूलरूममध्ये आहे. अठरा वर्षं प्लॅस्टिकचे मोल्ड बनवतोय. गाड्यांची बटणं, मिक्सरची झाकणं, मीटरच्या पेट्या. सैनिकांचा मोल्ड एकदाही केलेला नाही, पण घरी सैनिक रंगवतो, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार कळतात.

१/७२ म्हणजे पावणेसहा फुटी माणूस २४ मिलिमीटरचा, करंगळीच्या पेराएवढा. त्याच्या बंदुकीची नळी खऱ्यात दोन सेंटिमीटर जाड धरली, तर इथे ती पाव मिलिमीटरच्या जवळ येते. एवढ्या बारीक वाटेनं वितळलेलं प्लॅस्टिक टोकापर्यंत पोचायच्या आत थिजतं आणि बंदूक अर्धीच निघते. म्हणून नळी मुद्दाम जाड करावी लागते. मग आपणच तक्रार करतो की बंदुका मुसळासारख्या दिसतात.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. पोलादी साचा दोन भागांत उघडतो. बटण वाटीसारखं असतं, साचा उघडला की पिना त्याला बाहेर ढकलतात, काम संपलं. पण छातीशी आडवी बंदूक धरलेला शिपाई घ्या. हात आणि छाती यांच्यामधल्या फटीत पोलाद शिरलं, तर शिपाई न मोडता ते परत निघणार कसं? याला आम्ही अंडरकट म्हणतो. मग एक तर ती फट प्लॅस्टिकनं भरून टाकायची (कित्येक शिपायांच्या काखेत गोळा दिसतो तो यामुळे), नाही तर हात वेगळा करून गिऱ्हाइकाला चिकटवायला लावायचा, नाही तर साच्यात बाजूनं सरकणारी स्लाइड बसवायची. स्लाइड म्हणजे खर्च. १/७२ चे बरेच संच मऊ प्लॅस्टिकमध्ये येतात त्याचं एक कारण हेच. मऊ माल थोडा वाकतो आणि लहानसहान अंडरकटमधून निसटतो.

आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात बघा. रबरी साचा मोज्यासारखा सोलून काढतात आणि हात बहुधा वेगळे ओतून मागाहून जोडतात. रेझिनच्या मूर्ती सिलिकॉनच्या साच्यात याच पद्धतीनं होतात. तो साचा स्वस्त आणि लवकर तयार होतो, फक्त काही डझन नग काढले की फाटायला लागतो. टिनच्या मिश्रधातूचे सैनिकही रबराच्या गोल चकत्यांमध्ये, चकती गरागरा फिरवून ओततात. म्हणून धातूचा किंवा रेझिनचा संच जाहीर झाला की बऱ्याचदा त्याच वर्षी हातात पडतो. रखडतात ते पोलादी साच्याचे.

आता रखडतात म्हणजे काय होतं ते सांगतो. शिल्प संगणकावर तयार झालं की त्यावरून तांब्याचे किंवा ग्राफाइटचे इलेक्ट्रोड कापायचे, त्यांनी पोलादात स्पार्क मारून आकार कोरायचा, पॉलिश करायचं, मग मशीनवर चढवून ट्रायल घ्यायची. पहिल्या ट्रायलला काहीतरी निघतंच. कडेनं माल फुटतो, एखाद्याचा पाय अर्धा येतो, पाठीवर खळगा पडतो. मोल्ड उतरवा, दुरुस्त करा, पुन्हा ट्रायल. हे सगळं धरलं तरी काम काही महिन्यांचं. वर्षं जातात ती रॅकवर. आमच्याकडेही छोट्या गिऱ्हाइकाचा मोल्ड अर्धा ॲडव्हान्स घेऊन बेंचखाली पडलेला असतो आणि मोठ्या ऑटो कंपनीची ऑर्डर आली की सगळी मशीनं तिकडे वळतात. तो बिचारा दर सोमवारी फोन करतो. आम्ही म्हणतो, ‘साहेब, पुढच्या आठवड्यात ट्रायल.’ तुमची सैनिकांची कंपनी म्हणजे जगातल्या कुठल्या तरी टूलरूमच्या बेंचखालचा तो मोल्ड. शिवाय एका खोक्यात आठ-दहा वेगवेगळ्या पोझ, म्हणजे कोरीव काम भरपूर आणि खोक्याची किंमत मात्र रणगाड्याच्या किटपेक्षा कमी. कंपनीच्या मालकानं पैसे आधी कशात घालावेत?

म्हणून मघाचा प्रश्न. नुसतं चित्र दाखवलं असेल तर तो संच अजून कुणाच्या तरी मनात आहे, विसरून जा. शिल्प दाखवून दोन वर्षं झाली असतील तर पोलादाचे पैसे उभे राहिलेले नाहीत असं मी धरून चालतो. पण एकाच रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये, रनरच्या चौकटीला (माल वाहून नेणाऱ्या दांड्यांची जाळी) जोडलेले सैनिक दाखवले असतील, त्यातल्या दोघा-तिघांचे पाय अपुरे असले तरी, तर साचा झालेला आहे. झालेला साचा कुणी भंगारात घालत नाही. तिथे थांबा. चित्राच्या पायरीवरच तारीख जाहीर करण्याची या धंद्यातली सवय मला अजिबात आवडत नाही, हेही सांगून टाकतो.

मी स्वतः सात वर्षं थांबलो. वडील ओझरला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत होते. मिग-२१ ची इंजिनं कोरापुटला व्हायची, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा ओझरला, म्हणून आमच्या घरी ते विमान नाशिकचंच. २०१८ मध्ये मी १/७२ चं मिग-२१ पूर्ण केलं. खाली काँक्रीटचा तळ, तेलाचे डाग, शिडी, सगळं केलं आणि माणसांची जागा रिकामी ठेवली, कारण एका कंपनीनं ग्राउंड क्रूचा, म्हणजे जमिनीवर विमानाची देखभाल करणाऱ्या माणसांचा, संच जाहीर केला होता. शिल्पाचे फोटोही आले होते. वडील येता-जाता म्हणायचे, ‘सगळे चहाला गेलेत वाटतं.’ २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला खरं मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. क्रू तोवरही आला नव्हता.

आपल्या पत्त्यामुळे वाढणारा उशीर वेगळा. स्केल मॉडेलं कस्टम्सच्या हिशेबात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात आणि २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून एकदम ६० टक्क्यांवर गेलं. त्यामुळे तिकडे संच आला तरी इकडचा दुकानदार चार गिऱ्हाइकं जमल्याशिवाय मागवत नाही. मी तर तीन मित्रांत मिळून मागवतो.

वाट बघून डोकं फिरायची वेळ येते, त्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तो आमच्याच गावाकडून गेलाय. मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून असायचे. बोटींचा हंगाम हिवाळ्याचा, तो हुकला की महिनोन्‌महिने काम ना धाम. काहींची डोकी खरोखर फिरली. त्यावरून ‘डूलाली टॅप’ हा शब्द रूढ झाला. डूलाली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे आपला ताप.

तेव्हा हात रिकामे ठेवू नका. मऊ प्लॅस्टिकचा मिळेल तो जवळपासचा संच घ्या, साबणाच्या पाण्यानं धुवा (साच्याचं तेल राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो), पातळ फेव्हिकॉलचा एक हात द्या आणि मग रंगवा. टोपीची पगडी करायची असेल तर एम-सील. मळल्यावर थोडा वेळ थांबा, जरा घट्ट झालं की ओल्या सुईनं पगडीचे पेच पाडा. मित्राकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल तर विकतची फाइल घेऊन सैनिक घरीच निघतात, तिथे अंडरकटची भानगडच नाही. फक्त हातमोजे घाला आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे प्रिंट लावू नका. नाशिकच्या थंडीत रेझिन घट्ट होतं आणि अर्धे शिपाई ट्रेच्या तळाला चिकटलेले सापडतात. माझे सापडले.

शेवटी गेल्या दिवाळीत मी दुसऱ्या महायुद्धातल्या एका मेकॅनिकचं डोकं बदललं, एम-सीलची टोपी घातली आणि त्याला शिडीपाशी उभा केला. वडिलांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. म्हणाले, ‘हा एकटाच आला? बाकीचे अजून चहालाच?’