लहान मुलांना निसर्गात नेऊन विज्ञान शिकवायचं असेल तर कोणती पदवी लागते? पगार किती मिळतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की प्राणिशास्त्रात बीएस्सी झालीय, वर्गात शिकवायचं नाही, मुलांना बाहेर नेऊन शिकवायचंय, आणि घरचे म्हणतात, "अधिकृत प्रमाणपत्राशिवाय तुला मुलांपुढे उभं कोण करणार?" त्या एका वाक्यामुळे लिहायला बसले. मी 2012 पासून हेच काम करतेय, आणि त्यातली बहुतेक वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या खडकाळ किनाऱ्यांवर गेली.

पदवीचं उत्तर छोटं आहे. तुमची बीएस्सी पुरेशी आहे. पक्षी, वनस्पती किंवा कीटक यांतली एखादी बाजू पक्की करायची असेल तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम बघा. पुढे शिकायचं असेल तर पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे. मासे, खेकडे, शिंपले यांत जीव रमत असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या लोकांशी ओळख करून घ्या. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मात्र घ्याच. त्या एका कागदाबद्दल मी हट्टी आहे.

आता मुलांपुढे कोणी उभं राहावं, याबद्दल.

मी पहिल्यांदा मुलांना किनाऱ्यावर नेणार होते, त्याच्या आदल्या आठवड्यात जागा बघायला गेले होते. हातात भरती-ओहोटीचा छापील तक्ता. खडकावर एक काकी कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले खायचे शिंपले, काढत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आज तिथ कंची?" मला सांगता आली नाही. मग त्यांनीच हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. त्याच्या सहा तास मागेपुढे सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. म्हणजे तृतीया असेल तर सव्वादोनला भरती आणि सकाळी सव्वाआठला सुकती. पक्ष कुठलाही असो, पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. गावागावाप्रमाणे अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल ठरवायला हा हिशोब पुरतो. मी तक्ता आजही बघते, पण शाळेचा फोन आला की आधी कालनिर्णय काढते.

आणि तिथेच शाळांशी पहिलं भांडण होतं. त्यांना शनिवारी सकाळी साडेदहा हवे असतात. साडेदहाची सुकती येते षष्ठीच्या सुमाराला, आणि तोवर उधाण उतरलेलं असतं. पाणी पुरेसं मागे हटतच नाही. जो खडक दाखवायचा तो पाण्याखालीच राहतो. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप मागे जातं, पण पहाटे सव्वापाचच्या सुमाराला, तेव्हा मुलं अर्धवट झोपेत असतात. मुलांसाठी दुज आणि तीज सगळ्यात चांगली. वार कुठला यायचा तो येऊ दे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका माघातल्या तृतीयेला पुण्याच्या एका शाळेची सातवीची बत्तीस मुलं आली होती. मी तेव्हा एका संस्थेत नोकरीला होते. संस्थेची पद्धत ठरलेली: किनाऱ्यावर पाच थांबे, प्रत्येकी वीस मिनिटं, आणि मुलांच्या हातात एक कागद. प्रत्येक थांब्यावर कागदातले चार चौकोन भरायचे. प्राण्याचं नाव, रंग, आकार, कुठे दिसला. त्या दिवशी मी आग्रह करून काकींना बोलावलं होतं. पाचशे रुपये मानधन द्यायचं ठरलं होतं.

काकी नेहमीसारख्या कालवं फोडत बसल्या होत्या. एका मुलीनं थेट विचारलं, "तुम्ही त्यांना मारता?" काकी म्हणाल्या, "खातो आमी. तू नाय खात?" मग त्यांनी तिला खडकावर हात फिरवायला लावला. मोठी कालवं काढलेल्या जागी नुसत्या पांढऱ्या वाट्या चिकटून राहिलेल्या, आणि त्यांच्या कडेला नखाएवढी नवी. "ही ठेवायची. ही पुढल्या सालची." मी एवढंच जोडलं की कालवाचं पिल्लू आधी पाण्यात पोहत फिरतं, मग एकदा जागा निवडतं आणि डाव्या शिंपल्यानं दगडाला जन्मभरासाठी चिकटतं. मुलगी पुन्हा खाली वाकली आणि कितीतरी वेळ त्या नखाएवढ्या कालवांकडे बघत राहिली. तिच्या कागदावर 'कालव' या शब्दाला चौकोनच नव्हता.

तेवढ्यात कुणीतरी काकींच्या टोपलीतली चिंबोरी बघितली, आणि सगळी पोरं तिकडे. काकी म्हणाल्या, "आवसेची चिंबोरी भरलेली, पुनवेची पोकळ. चांदण्यात बाहेर पडाया भितात, मग पोटात काय जाणार?"

एक मुलगा म्हणाला, असं कसं असेल? दुसरा म्हणाला, वजन करून बघू. तिसऱ्यानं त्याला अडवलं: मोठा खेकडा जड असणारच, त्यात काय कळणार? मग ठरलं की सारख्या रुंदीचे घ्यायचे. यावर काकी काय म्हणाल्या ते मी शब्दशः लिहून ठेवलंय: "नर-मादी येगळी धरा. मादी अंड्याची आसली तर जड लागंल." आणि चिंबोरी उलटी करून पोटाखालची झडप दाखवली. नराची अरुंद, टोकदार. मादीची रुंद आणि गोलसर.

एका मुलीनं विचारलं, पोकळ म्हणजे आत काय असतं? "पाणी," काकी म्हणाल्या. तिथे मी बोलले. खेकड्याचं कवच वाढत नाही, त्याला ते टाकून द्यावं लागतं. बाहेर आलेला मऊ खेकडा पाणी शोषून फुगतो, त्या मापाचं नवं कवच कडक होतं, आणि आतलं मांस नंतर हळूहळू भरतं. म्हणजे पोकळ चिंबोरी ही बहुधा नुकतीच कात टाकलेली. यावर तो पहिला मुलगा, जो असं कसं असेल म्हणत होता, तो म्हणाला: "मग सगळे खेकडे एकाच वेळी कात टाकतात का? चंद्र बघून?"

हा प्रश्न मी परत त्यांच्याकडेच दिला. कसं शोधाल? किती खेकडे लागतील? किती महिने? बत्तीस मुलांपैकी वीसेक तरी उकिडवी बसून एकमेकांशी वाद घालत होती. माझ्या आजवरच्या कामातली ती सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं आहेत.

मग समन्वयक सरांची शिट्टी वाजली. तिसरा थांबा. समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटलेला प्राणी. नाव, रंग, आकार, कुठे दिसलं.

पुढच्या आठवड्यात आढावा बैठक झाली. सर म्हणाले की एका अप्रशिक्षित व्यक्तीनं मुलांना अंधश्रद्धा सांगितली, आणि संस्थेच्या उपक्रमात प्राणी मारणारी बाई मुलांसमोर दिसणं बरोबर नाही. यापुढे स्थानिक लोकांनी मुलांशी बोलायचं नाही. पाचशे रुपये मंजूर झाले नाहीत. ते मी दिले. सहा महिन्यांनी नोकरी सोडली. त्या बैठकीत मला नीट बोलता आलं नव्हतं, घसा दाटून आला होता. तुमच्या प्रश्नाच्या निमित्तानं ते आज लिहिते.

अंधश्रद्धा म्हणजे जे तपासायला मनाई असते ते. काकींनी मनाई केली नव्हती. त्यांनी एक दावा केला, त्याचं कारण सांगितलं, आणि मुलं तपासायला निघाली तेव्हा तपासणीतली चूक दाखवून दिली. नर-मादी वेगळी धरा, हे वाक्य मी महाविद्यालयात प्रयोगाच्या मांडणीवरच्या व्याख्यानात ऐकलं होतं, वेगळ्या शब्दांत. दावा खरा निघो की खोटा, मुलं विज्ञान करत होती. चौकोनात 'समुद्रफूल, गुलाबी' लिहिताना ती शुद्धलेखन करत होती.

आणि मारण्याबद्दल. किनारा ज्याच्या पोटाशी बांधलेला असतो त्याला तो दिसतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं. त्याआधी तिथे अंडी खणून नेली जायची. वाळूवरचा कासविणीचा माग ओळखणारे डोळे गावातच होते, आणि ते काम गावाच्या हातानंच उभं राहिलं. आज शहरातली मुलं तिथे पिल्लं समुद्रात जाताना बघायला जातात. गावाला 'तुम्ही अंडी खाता, तुम्ही बोलू नका' असं सांगितलं असतं तर ती मुलं आज काय बघणार होती?

1991 साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरणाचं शिक्षण अभ्यासक्रमात सक्तीचं करायला सांगितलं. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. पण बहुतेक शाळांनी त्याची वही केली. तुम्ही या कामात याल तेव्हा तुमच्याही हातात चौकोनांचा कागद देतील. तो घ्या, भरून द्या, नोकरी टिकवा, पण मुलांना एका जागी निदान अर्धा तास बसू द्या. बारीक खेकड्यांनी वाळूवर गोळ्यांची रांगोळी घातलेली असते, तिच्यापाशी बसवा. तो खेकडा वाळू तोंडात घालून तिच्यातलं खाण्यासारखं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी टाकतो, हे त्यांना आपण सांगायची गरज पडत नाही. वीस मिनिटं गप्प बसली तर दिसतं. आपण हललो की खेकडे बिळात, म्हणून गप्प राहायलाही सांगावं लागत नाही.

त्या सहलीनंतर तीनेक महिन्यांनी शाळेच्या बाईंनी मला एक पाकीट पाठवलं. कालवांची चौकशी करणाऱ्या त्या मुलीच्या वहीची दोन पानं. तिनं आईला घेऊन पुण्याच्या मासळीबाजारातून पौर्णिमेला चार आणि अमावास्येला चार खेकडे आणले होते. सगळे नर. पट्टीनं रुंदी मोजली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, आईनं उकडल्यावर मांस काढून पुन्हा वजन केलं. शेवटी लिहिलं होतं की अमावास्येचे थोडे जास्त भरले, पण चार-चार खेकड्यांवरून ठरवता येत नाही, आणि ते कुठल्या किनाऱ्यावरून आणि कुठल्या दिवशी धरले हे दुकानदाराला माहीत नव्हतं. मी ती पानं काकींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बाजारातली कशाला घेतलान? हितं ये म्हणावं. मी धरून देते."

आता काही गोष्टी, ज्या आधीच सांगायला हव्या होत्या.

सरांची त्या दिवशीची शिट्टी वेळेवर होती. पाणी फिरलं होतं आणि बत्तीस मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. चर्चा कितीही रंगली तरी सुकतीची वेळ टळली की खडकावरून उठायचंच. त्या बाबतीत मी त्यांच्याकडूनच शिकले. शंकूच्या आकाराचा शंख मुलांना उचलू देऊ नका, त्यातली गोगलगाय विषारी काटा मारते. प्रवाळाला हात लावायचा नाही. त्याला कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे. आणि गावातली प्रत्येक गोष्ट प्रयोगाला घ्यायची नसते. ब्लू बॉटल (जेलीफिशसारखा दिसणारा निळा समुद्री जीव) डसली की लघवी लावा, असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. चिंबोरीचा दावा चिंबोरीवर तपासता येतो. हा दावा मुलांच्या अंगावर तपासायचा नसतो.

पगार. मी महिना 8,000 वर सुरुवात केली होती आणि पहिली चार वर्षं घरभाडं भावानं भरलं. आता स्वतंत्रपणे दिवसाच्या मानधनावर काम करते, आणि ऑक्टोबर ते मे ठीक चालतं. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, किनारा बंद. ते महिने मी सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, काढते. पावसात कातळावर सीतेची आसवं आणि दवबिंदू ही इवली रोपं फुलतात. दोन्ही कीटकभक्षी, आणि मुलं त्यांच्यापुढून हलत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळा तेव्हा बोलावतात, पैसे थोडे देतात, पण त्यांच्या मुलांना खेकड्याची नर-मादी मला शिकवावी लागत नाही. घरच्यांना हे आकडे आधीच सांगून टाका. दुसरा काही आधार नसेल तर दोन वर्षं अर्धवेळ करून बघा आणि मग ठरवा.

आणि पहिल्या सहलीचा खर्च मांडाल तेव्हा गावातल्या माणसाचं मानधन 'इतर' या रकान्यात टाकू नका. पूर्ण नाव लिहा, पुढे 'मार्गदर्शक' लिहा, आणि मुलं गाडीत चढायच्या आधी पैसे त्यांच्या हातात द्या.